विहिरीचा नेम

दगूबाईचा दिवस विहिरीवर सुरू व्हायचा. मळ्यातल्या घरापासून विहीर चाळीस पावलांवर होती. मोटर होती, नळी थेट ओट्यापर्यंत आणलेली होती, तरी ती सकाळी आंघोळ करून, ओल्या केसांना पंचा गुंडाळून, कळशी आणि दोर घेऊन जायची. विहिरीच्या काठावर कुंकवाची दोन बोटं ओढायची, एक कळशी हाताने शेंदायची आणि सूर्याकडे तोंड करून तीन ओंजळी पाणी प्यायची. मग चहा, मग घास.

हा नेम सत्तावीस वर्षांचा होता. आधीची दोन पोरं जन्मून गेली होती. हेमराज पोटात असताना तिने श्रावणात कानबाई देवीपुढे बोलून ठेवलं, हे पोर राहिलं तर जन्मभर आपल्या विहिरीच्या पाण्याआधी तोंडात अन्न घालणार नाही. पोर राहिलं. तेव्हापासून सुरतेला बहिणीकडे जायचं झालं तरी पिशवीत विहिरीच्या पाण्याची बाटली असायची. बहीण हसायची. "तुन्ही विहीरनं तिकीट काढं का?" म्हणायची. दगूबाई हळूच हसून बाटलीचं बूच उघडायची.

दिवाळीचा पाडवा झाला आणि हिंमतराव आला. हा तिच्या नवऱ्याचा, लोटनचा, चुलतभाऊ. बांधाला बांध. दोन वर्षांपूर्वी त्याने प्रकाशा गावाच्या रस्त्यालगतची आपली जमीन कॉलनीसाठी दिली होती. आता तिथे एकसारखी पांढरी घरं उभी होती, नंदुरबारहून माणसं येऊन राहू लागली होती. कॉलनीचा कचरा उचलायचं काम हिंमतरावाकडे होतं. ट्रॅक्टर त्याचाच.

खाटेवर बसून बशीतला चहा फुंकत तो म्हणाला, "लोटनभाऊ, ती घळ तुन्ही कितला वरीस अशी पडी ऱ्हाई?"

"घळ शे. ती आखो काय करी?"

"मी भरी देस. कॉलनीमा रोज एक ट्रॉली निंघस. भाजीना देठ, केळाना सालटा, नारळन्या शेंड्या. तुले खत भेटी, जमीनबी सपाट व्हई. माले टाकाले जागा."

लोटन सुपारी कातरत राहिला. त्याच्या मनात उकिरडा होता. तीस वर्षं त्याने उकिरडा भरला होता. शेण, राख, कापसाच्या पऱ्हाट्या, केस, फाटकं गोणपाट, सगळं त्यात गेलं होतं. वर्षाने उकरावं तर सगळ्याचं एकच काळं, भुसभुशीत झालेलं असे. ते तो मुठीत धरून हुंगायचा, चहाची पूड हुंगावी तसं. घरातून बाहेर पडलेल्या प्रत्येक गोष्टीची शेवटी माती होते, हे त्याला कोणी शिकवायची गरज पडली नव्हती.

"खतले कोन नही म्हनस," तो म्हणाला. "लोके खतसाठे पाया पडतस."

दगूबाई दारात उभी होती. "घळ विहीरना वरला अंगले शे," ती म्हणाली.

"मंग? आपला उकिरडाबी वरलाच अंगले शे. काय व्हयनं इतला वरीसमा?"

"वहिनी, तुम्ही चिंता नका करा," हिंमतराव म्हणाला. "आन हेमराज घर बसेल शे ना? त्याले कॉलनीना पंपवर लाई देस. सकायपासून."

दगूबाई आत गेली. घरात एकुलता एक मुलगा, त्याच्या लग्नाला वर्ष झालेलं, सून काजल अजून डोक्यावरचा पदर सावरत वावरणारी. नोकरीला नको म्हणायला दगूबाईकडे तोंड नव्हतं. बाहेर लोटनने हिंमतरावाच्या हातावर हात ठेवला. लिहिणं काही झालं नाही. भावाभावांत लिहीत नाहीत.

पहिल्या ट्रॉल्या खरंच चांगल्या होत्या. कॉलनीत घरं थोडी भरलेली होती. मेथीच्या काड्या, पपईच्या साली, निर्माल्य, चहाचा चोथा. लोटनने महिनाभराने कोपरापर्यंत हात घालून पाहिला. आत ऊब होती.

"तपी ऱ्हायनं," तो घरी येऊन समाधानाने म्हणाला. "चांगलं खत व्हई."

संक्रांतीनंतर कॉलनीची दुसरी रांग भरली आणि ट्रॉल्या दोन झाल्या, मग तीन. आता देठ आणि साली खाली, वर भलतंच. थर्माकोलचे ठोकळे, रंगाचे डबे, फुटक्या फरश्या, ट्यूबलाइटी, औषधांच्या पट्ट्या आणि लहान पोरांचे ते फुगलेले लंगोट, पिशवीत घालून गाठ मारलेले. घळीवर घारी फिरू लागल्या. कुत्री आली. कुठून आली कळलं नाही, पण आली ती परत गेली नाहीत. निंदणीला येणाऱ्या छबूबाईची शेळी दोन दिवस पोट फुगून पडली आणि मेली. कापली तेव्हा पोटातून पिशव्यांचा गोळा निघाला, घट्ट, नारळाएवढा. छबूबाईने तो गोळा लोटनच्या अंगणात आणून ठेवला आणि निघून गेली.

होळीच्या सुमाराला घळ पेटली. कोणी पेटवली नव्हती. ज्वाळा दिसत नव्हत्या, आतल्या आत धुमसत होती. पंधरा दिवस तो धूर मळ्यावर बसून राहिला, सकाळी जमिनीलगत, दुपारी माणसाच्या उंचीला. काजलने कुरडया वाळत घातल्या होत्या. पुढे त्या तळल्या तेव्हा पहिल्याच घासाला हेमराजने ताट बाजूला सारलं. कुरडईत जळक्या रबराचा वास होता.

लोटन हिंमतरावाकडे गेला. हिंमतराव ट्रॅक्टरला ग्रीस लावत होता.

"हाई कुजत नही रे भो."

"कुजी. शहरनं शे, त्याले टाईम लागस."

"लंगोट कुजतीन?"

"तू काय रोज जाईसन मोजस का?" हिंमतराव हसला. मग चिंधीने हात पुसत म्हणाला, "भाऊ, तू शब्द देयेल शे. मी त्यानावर काम लिधं. आन हेमराजनं कसं चाली ऱ्हायनं? पंपवर खूश शे ना?"

पोरगा खूश आहे, असं म्हणून लोटन परत आला.

वैशाखात त्याने घळीच्या एका कडेला, पहिल्या ट्रॉल्या पडल्या होत्या तिथे, उकरायला घेतलं. वरचं ओढून बाजूला केल्यावर खाली काळं दिसलं तेव्हा त्याला हायसं वाटलं. काळं होतं, भुसभुशीतही होतं. हुंगलं तेव्हा मात्र त्याची मान आपोआप मागे गेली. तरी दोन गाड्या भरून त्याने ते मिरचीच्या तुकड्यात पसरलं. तीस वर्षांची सवय होती, हात थांबला नाही.

मृगाआधी वखर धरला. दुसऱ्याच ओळीला वखराच्या लोखंडी पासेत काहीतरी गुंतलं आणि बैल थांबले. बांधावर बायका धसकटं वेचत होत्या. लोटनने वाकून पासेला गुंडाळलेलं ओढलं. पांढरट, ओलं, फुगलेलं निघालं. ओढलं तसं फाटत लांबच लांब आलं आणि आतला गिळगिळीत लगदा त्याच्या पावलावर पडला.

छबूबाईने कमरेवर हात ठेवला. "लोटनभाऊ, यंदा मिरची लावनी का पोरं लावना?"

बायकांनी तोंडाला पदर लावला.

"निंदाले आमले नका बलावज्यात," छबूबाई म्हणाली. "ढुंगण धुवाले बलावज्यात."

त्या मोठ्याने हसल्या. लोटन लंगोट हातात धरून उभा राहिला. तो कुठे टाकावा हे त्याला कळेना. शेतात टाकता येईना, बांधावर टाकता येईना, बायका बघत होत्या. शेवटी बैल तसेच उभे ठेवून तो अख्खं शेत ओलांडून घळीपर्यंत चालत गेला, हात अंगापासून लांब धरून, आणि तिथे टाकून परत आला. तोवर बायका हसायच्या थांबल्या होत्या. त्याने पुन्हा बैल हाकले.

आषाढात पाऊस जोराचा झाला. आठ दिवस ऊन दिसलं नाही. घळ तोंडापर्यंत भरली आणि वरचं पाणी खाली जायला वाट शोधू लागलं. नवव्या दिवशी दगूबाईने कळशी वर घेतली तेव्हा पाण्यावर रंग होता, मोरपिसासारखा, हलणारा. तिने तळव्याने तो बाजूला सारला. तो पुन्हा जुळून आला. तिने डोळे मिटून तीन ओंजळी घेतल्या. गंजक्या खिळ्याची चव जिभेवर दुपारपर्यंत राहिली.

घरी काजल ओट्यावर बसली होती. तिला सातवा लागला होता. हातात पाण्याचा पेला होता, पण ती पीत नव्हती, नुसती त्याच्याकडे बघत होती.

"आत्याबाई, पानीले वास येई ऱ्हायना. माले वाटनं, मन्हाच जीव तसा शे."

दगूबाईने तिच्या हातातला पेला काढून घेतला आणि मोरीत ओतला. "तुन्हा जीव बराबर शे. हाई पानी तू पिऊ नको. आजपासून एक घोटबी नही."

"आन तुम्ही?"

"मन्हं येगळं शे."

त्या दिवसापासून हेमराज कॉलनीतून पाण्याचा जार आणू लागला. कॉलनीला तापीचं पाणी नळाने येई, तिथे ते गाळलं जाई. पंप सुरू करणारा हेमराजच. जार सायकलवर बसेना, म्हणून तो ट्रॅक्टरवर ठेवावा लागे. सकाळी हिंमतरावाचा ट्रॅक्टर बांधावरून यायचा. ड्रायव्हरच्या पायाशी निळा जार, मागे कचऱ्याची ट्रॉली. ड्रायव्हर आधी जार उतरवून द्यायचा, मग पुढे जाऊन ट्रॉली उलटी करायचा. काजल जार पुसून घरात घ्यायची. तीनदा पुसायची.

दगूबाई विहिरीचंच पीत राहिली. पहिल्या आठवड्यात तिचं तोंड आलं. मग हाताच्या तळव्यांना खाज सुटली आणि बोटांच्या पेरांवरची कातडी कांद्याच्या सालीसारखी सुटू लागली. पोटात कळ आली की ती चुलीपाशी गुडघे पोटाशी घेऊन बसायची आणि कोणी विचारलं तर धूर लागला म्हणायची.

"नेम देवसाठे शे का मरासाठे?" एकदा लोटनने विचारलं.

"ते देव माले सांगी."

"देव नही सांगस. मी सांगी ऱ्हायनू."

"तुम्ही हिंमतरावले सांगा," ती म्हणाली. आवाज नेहमीसारखाच हळू होता. लोटन उठून गोठ्यात गेला.

हेमराजने एका बाटलीत विहिरीचं पाणी भरून नंदुरबारला तपासायला नेलं. तपासणीच्या माणसाने बाटली उजेडाला धरली, झाकण उघडलं आणि लगेच घट्ट लावलं. निकाल पंधरा दिवसांनी मिळेल, म्हणाला. मग चष्म्यावरून बघत त्याने विचारलं, हे पाणी घरात कोणी पीत तर नाही ना? हेमराजने नाही म्हटलं. घरी येऊन तो आईसमोर बसला.

"माय, सोडी दे आते. देवी समजी लिई."

"तू ज्यानामुळे मन्हा समोर बसेल शे, ते सोडी देऊ?"

हेमराजने तिचे हात हातात घेतले. तळवे खरखरीत होते, भेगांतून लाल दिसत होतं. तो बघत राहिला आणि मग हात हळूच तिच्या मांडीवर ठेवून ड्युटीवर गेला.

निकाल अजून यायचा होता आणि नागपंचमीनंतरचा रविवार आला. कानबाई बसायची होती.

कानबाईच्या नैवेद्याच्या रोटांचे गहू माणशी सवा मूठ मोजतात. घरच्या जात्यावर दळतात. कोंडाही फेकायचा नसतो. रोट भाऊबंदांतच खायचे, बाहेर द्यायचे नाहीत, आणि जेवणं झाल्यावर पानांवरचं उष्टं, हात धुतलेलं पाणी, सगळं आपल्याच शेतात खड्डा करून पुरायचं. देवीचं काही घराबाहेर जाता कामा नये. दगूबाईकडे हा खड्डा दरवर्षी एकाच जागी होई, विहीर आणि घळ यांच्या मधल्या निंबाच्या झाडाखाली. मांडणीचा कलशही आपल्याच विहिरीच्या पाण्याने भरायचा आणि आरतीनंतर ते पाणी तीर्थ म्हणून भाऊबंदांच्या हातावर द्यायचं.

"जारनं पानी भर कलशमा," सकाळी लोटन दाराशी उभा राहून म्हणाला. "देवीले काय समजस?"

"देवीले समजस नही, मंग तिले बसाडतस कसाले?"

तिने कलश विहिरीवर भरला. चौरंगाला केळीचे खांब बांधले होते. नारळाला डोळे, नाक, नथ लावून कानबाई बसली. पुरणाचा, खिरीचा, गंगाफळ भोपळ्याच्या भाजीचा वास घरभर भरला होता, आणि त्याखाली, वारा फिरला की, घळीचा. काजलने उदबत्त्यांचा अख्खा पुडा एकदम लावला.

दुपारी हिंमतराव बायकोला, मीनाबाईला, घेऊन आला. त्याने नवं धोतर नेसलं होतं. आरती झाली. दगूबाईने कलशातलं पाणी वाटीत घेतलं आणि पळी घेऊन वयाप्रमाणे पुढे आली. आधी लोटन. लोटनने हातावर घेतलं, डोळे मिटले आणि तो प्यायला. गळ्याची घाटी खालीवर झाली. मग हिंमतराव.

त्याने ओंजळ केली. दगूबाईने पळीभर पाणी घातलं. त्याने ओंजळ तोंडाकडे नेली, ओठ हलवले, आणि बोटांच्या फटीतून पाणी मनगटावरून बाहीत गेलं. ओला हात त्याने डोक्यावरून फिरवला. मीनाबाई नवऱ्याकडे बघत होती. तिने तस्संच केलं. तिच्या बांगड्यांतून पाणी ठिबकलं.

दगूबाई पळी हातात धरून उभी होती. "आखो देऊ का, भाऊ?"

"नही, वहिनी. व्हयनं."

"जराखं. देवीनं शे."

"व्हयनं, वहिनी," हिंमतराव म्हणाला आणि चौरंगाकडे न बघता बाहेर ओट्यावर जाऊन बसला.

हेमराजने घेतलं. मग काजलने डोक्यावरचा पदर सावरून हात पुढे केला. ती देवीपुढे होती, सासूपुढे होती. तीर्थ नाही म्हणायचं तिला सुचलंच नसतं. दगूबाईने पळी भरली होती. तिने ती वाटीत परत सोडली, आपल्या सोललेल्या हाताने सुनेची बोटं एकेक करून मिटवली आणि मूठ तिच्या पोटाशी ठेवली.

"तुन्हं मी लेस," ती म्हणाली, आणि दोनदा प्यायली.

जेवणं झाली. हिंमतरावाने रोट पोटभर खाल्ले, खिरीचं कौतुक केलं. उष्टं एका टोपल्यात, हात धुतलेलं पाणी बादलीत जमा झालं. भाऊबंदाने खड्ड्यापाशी उभं राहायचं असतं, म्हणून हिंमतरावही निंबाखाली आला. लोटनने कुदळ मारली. माती ओली होती, पटापट निघाली. गुडघाभर खणून झालं तेव्हा खड्ड्याच्या कडांना पाझर फुटला, घळीच्या बाजूने. आधी घाम आल्यासारखं, मग धार. तळाशी पाणी साचलं. काळं होतं, आणि त्यावर मोरपिसासारखा रंग हलत होता.

लोटन पावड्याने ते बाहेर फेकू लागला. फेकलं तेवढं पुन्हा आलं. तो थांबला. त्याने खड्ड्याकडे पाहिलं, मग विहिरीकडे. खड्ड्यातून बाहेर येऊन तो विहिरीकडे चालत गेला, एकेक पाऊल टाकत. सतरा पावलं होती.

"पावसाया शे," हिंमतराव म्हणाला. "आते कोठेबी खंदा, पानी लागीच."

लोटन परत आला, वाकला, खड्ड्यातली मूठभर माती उचलली. हुंगली. मग ती मूठ त्याने हिंमतरावाच्या नाकापाशी नेली.

"सुंगी देख."

हिंमतराव एक पाऊल मागे सरला. धोतराच्या काठाला चिखल लागला. "भाऊ, तू शब्द देयेल शे."

"मी खतले दिधा व्हता."

"शब्द शब्द ऱ्हास. मन्हाबी वर मान्से शेत. मी आज ट्रॉली बंद करी, सकाय ते दुसराले काम देतीन. हेमराजनं मंग तू देखी ले."

लोटनची मूठ तशीच उघडी राहिली. माती बोटांतून गळून पडत होती.

दगूबाई टोपलं डोक्यावर घेऊन उभी होती. तिने खड्ड्यात डोकावून पाहिलं.

"आठे पुरता येवाव नही," ती म्हणाली. ती टोपलं घेऊन घरी गेली आणि ते तिने देव्हाऱ्याच्या कोपऱ्यात ठेवलं. रोटांचं उष्टं नदीत सोडत नाहीत, दुसऱ्याच्या शेतात पुरत नाहीत. सोमवारी प्रकाशाला तापीत कानबाई बोळवून सगळे परत आले तेव्हाही टोपलं तिथेच होतं. त्याला वास येऊ लागला होता. त्या घरात प्रथमच अशी एक गोष्ट होती, जिला टाकायला जागा नव्हती.

मंगळवारी सकाळी दगूबाई विहिरीवर गेली. कुंकवाची बोटं ओढली, कळशी शेंदली. ओंजळ भरून तोंडापर्यंत नेली. ओंजळीतल्या पाण्यात तिला आपली बोटं दिसत होती, पेरांवरून सोललेली, आणि तिला काजलची बोटं आठवली, आपण मिटवलेली. जे पोटातल्या पोराला नको म्हटलं, ते ती देवीच्या नावाने पीत होती. तिने हात खाली केले. पाणी पावलांवर सांडलं. सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा ती तशीच परत आली.

काजलने चहा पुढे ठेवला.

"नको."

दुपारी भाकरी वाढली.

"नको, बेटा. तू जेव."

"आज कोनता उपास शे, आत्याबाई?"

"उपास नही. नेम शे."

ती रागावली नव्हती. तिने गोठा झाडला, म्हशीचं दूध काढलं, दळण निवडलं. बुधवारीही तेच. विहिरीवर गेली, कळशी शेंदली, पाण्याकडे पाहिलं, ओतून दिली. घरी येऊन कामाला लागली. दुपारी पाटीतले गहू निवडताना तिचा हात मध्येच थांबायचा आणि ती डोळे मिटून भिंतीला डोकं टेकायची.

"जारनं पी आन दोन घास खाय," हेमराज म्हणाला.

"जारना नेम मी बोलनी नही."

"मंग विहीर चांगली व्हई तवलोंग उपाशी ऱ्हाशी?"

ती गहू निवडत राहिली. लोटन दारात बसून ऐकत होता. त्या संध्याकाळी त्याच्याही ताटातली भाकरी तशीच राहिली, आणि काजलने ती झाकून ठेवली.

गुरुवारी उजाडताना लोटन उठला. त्याने ओट्यावरची खाट खांद्यावर घेतली आणि बांधावर, ट्रॅक्टर घळीकडे वळतो तिथे, आडवी टाकली. एका बाजूला ओढा, दुसऱ्या बाजूला काटेरी कुंपण, मध्ये खाट. त्याने पागोटं काढून उशाशी ठेवलं आणि तो खाटेवर आडवा झाला, आकाशाकडे तोंड करून. थोड्या वेळाने हेमराज येऊन खाटेच्या पायथ्याशी बसला. त्याने कॉलनीचा निळा शर्ट घातला नव्हता.

"पंप?" लोटनने विचारलं.

"आज बंद."

ट्रॅक्टर आला. आज हिंमतराव स्वतः चालवत होता. पायाशी जार नव्हता. खाटेपासून दहा हातांवर त्याने ब्रेक दाबला.

"भाऊ, ऊठ."

"इंजिन बंद कर. ऐकू येत नही."

"ऊठ ना भो. लोके देखतीन."

"देखू दे. लंगोट हातमा लई हिंडनू तव्हयबी देखं."

हिंमतरावाने हॉर्न दाबला. लांब, न सोडता. कुत्री भुंकू लागली. घारी घळीवरून उठल्या आणि पुन्हा बसल्या.

दगूबाई विहिरीवर होती. तिने दोर कप्पीत टाकला. तीन दिवसांत दोर जड झाला होता. तिने कळशी वर घेतली आणि काठावर ठेवली. आतल्या पाण्यावर तो रंग होता, कालच्यापेक्षा दाट, आणि हॉर्नच्या आवाजाने त्याला बारीक सुरकुत्या पडत होत्या. घराच्या दारात काजल उभी होती, एक हात पोटावर, एक चौकटीवर.

हॉर्न थांबला. मग इंजिनही बंद झालं. इतकं शांत झालं की निंबाखालच्या उघड्या खड्ड्यात पाणी झिरपताना ऐकू येत होतं.

दगूबाईने कान देऊन वाट पाहिली. ट्रॅक्टर मागे वळल्याचा आवाज आला नाही. थोड्या वेळाने रस्त्याच्या बाजूने दुसऱ्या ट्रॅक्टरचा आवाज आला, नवा, न ओळखलेला. तो पहिल्याच्या मागे येऊन थांबला, त्यालाही कचऱ्याची भरलेली ट्रॉली. त्याच्या मागे तिसरा.

तिने कळशीतलं पाणी जमिनीवर ओतलं, रिकामी कळशी काठावर उपडी ठेवली आणि तिच्याशेजारी बसली, तोंड बांधाकडे करून.